निळी ताडपत्री

होमस्टेडहून निघालो तेव्हा डिसेंबर होता
हे फक्त कॅलेंडरला ठाऊक.
मागच्या सीटवर निहार, गळ्यात दुर्बीण,
शेजारी सासूबाई,
लुगड्यावर मुलाचा जुना स्वेटर चढवून,
कारण भूमच्या कुणीतरी सांगितलं होतं
अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ पडतो.
पडतो, आई, पण वर, उत्तरेला.
"मग ह्याला हिवाळा कशापायी म्हणायचं?"
विश्वजित बोलला नाही. तो वळण शोधत होता.

एव्हरग्लेड्समध्ये हिवाळा म्हणजे पाणी ओसरणं.
गवताखालचं पाणी सरत सरत
खड्ड्यांत येऊन बसतं,
पाण्यामागून मासे, माशांमागून बगळे,
बगळ्यांवर डोळा ठेवून मगरी
("मगर नाही गं, अ‍ॅलिगेटर," निहार)
आणि सगळ्यांच्या मागून आम्ही,
बटाट्याची भाजी, पोळ्या घेऊन.

वाहनतळावर मारिसोल नावाची रेंजर
पेटीकडे बोट दाखवते:
ताडपत्री घ्या, गाडी झाका.
गिधाडं रबर खातात,
काचेच्या कडेचं, वायपरचं.
का खातात, नक्की कुणालाच माहीत नाही.
वीसेक गाड्या निळ्या ताडपत्रीखाली,
झाकलेल्या कडब्याच्या गंजींसारख्या.

"गिधाडं?"
सासूबाईंचा एक पाय अजून गाडीतच.

कुंपणावर अकरा. काळी, टकली,
तलाठ्याची वाट बघत बसलेल्या माणसांसारखी.
"बारकी हायेत," त्या म्हणाल्या.
"आपली थोराड. मानंला पांढरी लोकर."
विश्वजितने घाईघाईने हूक अडकवले.
आई, चल. तिकडे बघण्यासारखं आहे.
"तुम्ही जाऊन या. मी हितंच बसते."

तिकडे खरंच होतं बघण्यासारखं.
पंख वाळत घातलेला तिरंदाज,
चिखलात चिखल होऊन पडलेल्या अकरा फुटी माद्या,
पानांवरून चालणारी जांभळी पाणकोंबडी.
मी टोपी विसरले म्हणून परत फिरले.
खरं तर टोपीसाठी नाही.

त्या बाकावर. स्वेटर मांडीवर.
माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या:
"मेलेलं ढोर वढून न्यायचं आमच्या घराकडं होतं.
आण्णा माळावर कातडं सोलायचे, मग बाजूला सरायचे.
आभाळात एक ठिपका. मग दोन.
आम्ही चौघी बहिणी मोजायचो.
जरा येळात माळ भरायचा.
दिवस मावळायला नुसती हाडं, धुतल्यावानी.
गावात कधी वास गेला न्हाई.
गावाला वाटायचं, ते आपआप हुतं.

मग एका साली ठिपका आलाच न्हाई.
आण्णा वर बघत हुबे.
म्हातारपणी खड्डा खणला त्यांनी,
बैलाएवढा."

तेरा वर्षांत विश्वजितने हे सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.
माझ्या माहेरी न विचारणं
हाच चांगुलपणा समजत.

मी काय बोलणार. पाण्याची बाटली पुढे केली.
त्यांनी घोट घेतला, उठल्या,
गाडीपाशी गेल्या,
आणि इकडेतिकडे बघून
ताडपत्रीचा डावीकडचा एक हूक
हळूच काढला.
मी बघितलं, हे त्यांनी बघितलं.

दीड वाजता विश्वजित वायपरकडे बघत उभा.
अर्धी पट्टी गायब, उरलेली चघळलेली.
नीट तर बांधलं होतं, तो म्हणाला.
निहार हसून हसून लोळला.
सासूबाई मन लावून
पोळीचा रोल करत होत्या.

परतीच्या वाटेवर काच स्वच्छ.
इथे हिवाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच,
वायपर कुणाला लागतो?
सासूबाई खिडकीला कपाळ टेकून
वर बघत होत्या,
ओठ हलत होते.
बत्तीसपर्यंत मला ऐकू आलं.