आकसण्याची सूट

प्रभात रोडवरचा बंगला पाडायला काढला
तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला, गॅरेजमधलं भंगार
उद्या सकाळपर्यंत उचला, नाहीतर जेसीबीखाली जाईल.
भंगार म्हणजे स्टुडबेकर. एक्कावन्न सालची.
विमानासारखं टोकदार नाक,
मागच्या सीटवर नुकतीच व्यालेली मांजर.
पिल्लं आधी हलवली. मग टेम्पो बोलावला.

शालन एवढंच म्हणाली,
तुम्हाला रिटायर होऊन अकरा दिवस झालेत.

पिस्टन जाम होते. रॉकेल आणि एरंडेलात
पंधरवडा भिजत घातले, रोज थोडं ठोकून पाहिलं,
आणि एका रात्री पहिला सुटला, टक् करून,
पोराचा हलणारा दात पडावा तसा.
बॅटरीवाला हसला: सहा व्होल्ट? काका,
एवढ्यात देवघरातली माळसुद्धा लागणार नाही.
जुन्या बाजारात तीन वर्षं, दर रविवारी,
कुलपं, पितळी नळ, कुणाकुणाची पदकं
यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला.
मिळाली एक हबकॅप. दुसऱ्याच गाडीची.
तीही घेतली.

शेवटी अडलं वॉटर पंपाच्या इम्पेलरवर.
तळहाताएवढं चक्र, सहा पाती, चार गंजून गेलेली.
भाच्यानं ओहायोहून एक पाठवला,
कस्टमचा भुर्दंड पार्टच्या किमतीहून मोठा
आणि पार्ट भलत्याच सालचा.

नाना पेठेत हकीमुद्दीनभाईंच्या दुकानात
आता स्कूटरचे आरसे लटकतात,
आत गेलं की आपलंच तोंड चाळीस वेळा.
मी नंबर सांगितला. ते काही बोलले नाहीत.
शिडी लावली, ऐंशीच्या वयात स्वतः चढले,
मेणकागदातली डबी घेऊन उतरले.
ग्रीस अजून ओलं.

मी पाकीट काढलं.
"विकायचा नाही. बासष्ट साली अब्बांनी मागवला,
एका गिऱ्हाइकासाठी. ते आलेच नाहीत.
अब्बा म्हणायचे, येतील."
मी म्हटलं, मी आलोय ना.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"तुम्ही ते नाही."

यावर काय बोलणार? चहा आला, कटिंग.
दुसऱ्या कपानंतर डबी त्यांनीच पुढे सरकवली.
"आठ दिवस. नक्कल काढा. हा परत पाहिजे."

भोसरीत वामन पांचाळ लाकडी पॅटर्न बनवतो.
त्यानं इम्पेलर नखानं वाजवून पाहिला,
बाजारात मडकं वाजवावं तसा.
"साहेब, यावरूनच साचा दाबला तर नक्कल लहान निघेल.
धातू थंड होताना आकसतो. सूट द्यावी लागते."
चाळीस वर्षं टूलरूममध्ये गेली माझी,
मलाच सांगत होता. सांगू दिलं.
त्याची पट्टी निराळी असते,
तिच्यावरचा इंच आपल्या इंचाहून केसभर मोठा,
पुढे काय काय कमी होणार
ते आधीच धरून आखलेला.

गनमेटलचं पहिलं ओतकाम वाया गेलं,
एका पात्यात हवेचा फोड. दुसरं बरं निघालं.
भोक मीच लेथवर केलं, श्वास धरून.

आठव्या दिवशी डबी परत.
हकीमुद्दीनभाईंनी ग्रीस बोटानं तपासलं,
त्याच फळीवर, त्याच धुळीच्या चौकोनात ठेवली.
खाली उतरले तेव्हा धाप लागली होती.
"चालली तर इथून न्या एकदा."

नेली. सकाळी नऊला, गर्दी व्हायच्या आत,
लक्ष सगळं तापमानाच्या काट्यावर.
काटा मधोमध उभा, शहाण्या मुलासारखा.
ते किल्ल्या घेऊन दुकानाच्या पायरीवर होते.
बॉनेटला कान लावला. बराच वेळ.
"त्यांची हिरवी होती," म्हणाले.

बसा, कॅम्पपर्यंत चक्कर मारू, मी म्हटलं.
नको, दुकान उघडायचंय.
आरशात पाहिलं मी निघताना:
कुलूप काढून, शटर वर करायच्या आधी
ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना
एकदा नीट पाहून घेत होते.