अकराची बस

शर्वाणी, यादी पाठव म्हणालीस.
औषधं, अडॅप्टर, पासपोर्टच्या झेरॉक्स,
हे तुला कुणीही सांगेल.
मी घड्याळापासून सुरू करते.

इथिओपियात आकडे सूर्याबरोबर उगवतात.
ऊन पायरीवर आलं की एक वाजतो,
आपले आठ म्हणजे त्यांचे दोन.
हे मला माहीत होतं. वहीत लिहून
खाली दोन रेघाही मारल्या होत्या.
तरी देस्येच्या स्टँडवर मी गेले
ती तिकिटावरचे अकरा बघून, आपल्या अकराला,
न्हाऊन, वेणी घालून,
डब्यात सहा उकडलेली अंडी घेऊन.
बस सुटली होती रात्रीच्या अकराला,
म्हणजे आपल्या पहाटे पाचला.
हमाल हसला नाही.
त्याने माझी बॅग उचलली,
समोरच्या घराच्या दारात ठेवली
आणि आत हाक मारली, वर्कनेश!

म्हणून, वेळ विचारशील तेव्हा
उजाडायच्या आधी की नंतर, तेही विचार.
बावळट दिसशील. दिस.

कॉफीला कुणी बस म्हणालं
तर अख्खी दुपार मोकळी ठेव.
वर्कनेशने जमिनीवर ओलं गवत पसरलं,
हिरव्या बिया निवडल्या, धुतल्या, तव्यावर भाजल्या,
आणि तवा माझ्या नाकाशी धरला.
मला वाटलं, झालं. मी कपासाठी हात पुढे केला.
कपाला अजून तासभर अवकाश होता.
कप तीन असतात, आणि तिन्हींना नावं.
पहिल्याचं नाव अबोल.
खरंच, अबोल!
मला त्यांची भाषा येत नव्हती,
त्यांना माझी,
आणि आम्ही दोघी तो कप
त्याच्या नावाला जागून प्यायलो.

दुसरा तोना. त्याला मी हातवाऱ्यांनी
बसची गोष्ट सांगायला घेतली,
तर ती मधेच हं करून श्वास आत ओढायची,
दचकल्यासारखा, पुन्हापुन्हा.
दमा आहे बिचारीला, असं समजून
मी पर्समधून माझा पंप काढून दिला.
तिने तो उलटसुलट पाहिला, हुंगला,
आणि सांभाळून परत केला.
तो श्वास म्हणजे 'हो', शर्वाणी.
ती बाई तासभर मला हो हो म्हणत होती.
तिसरा कप आशीर्वादाचा,
त्याआधी उठू नकोस. घर पेटलं तर उठ.

शुक्रवार होता हे माझ्या लक्षात नव्हतं.
बुधवार-शुक्रवार त्यांचे उपास,
दूध नाही, तूप नाही, मांस नाही.
मी ऐटीत डबा उघडून अंडी पुढे केली.
धाकट्या मुलीने आईकडे पाहिलं.
कुणी काही बोललं नाही,
डबा नुसता झाकून फळीवर गेला.
तू आधी विचार, मग डबा उघड.

मग ताट आलं. एकच, सगळ्यांना मिळून,
आंबोळीच्या थोरल्या बहिणीसारखी इंजेरा, वर डाळीच्या पिठाचं लाल कालवण.
आणि वर्कनेशने घास केला
तो माझ्या तोंडासमोर धरला.
लग्नात नवऱ्याने भरवला त्यानंतर
मला कुणी घास भरवला नव्हता.
मी हात पुढे केला; तिने मान हलवली.
तोंडच उघडावं लागतं.
यासाठी कुठलीच तयारी करता येत नाही,
केलीस तर कळव.
एकावर थांबत नाहीत, हेही सांगून ठेवते.

राहिलेलं भराभर. सुट्या नोटा ठेव.
देस्ये उंचावर आहे, पहिले दोन दिवस
जिना चढताना फोनवर बोलू नकोस.
फोटोआधी विचार. आभाराचा शब्द लांबलचक आहे,
अर्ध्यात अडखळलीस तर ते पुढचा अर्धा म्हणतील.

पहाटे, रात्रीच्या अकराला,
थोरला हब्तामू बॅटरी घेऊन स्टँडपर्यंत आला.
खिडकीतून माझा डबा आत दिला. जड होता.
गाडी घाटात वळल्यावर उघडला,
भाजलेले जव आणि शेंगदाणे, गळ्यापर्यंत.
भांडं रिकामं परत करायचं नसतं,
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
अंड्यांचं काय झालं, कोण जाणे.
बाहेर काळोख होता,
आणि त्यांच्या हिशेबाने
अजून शुक्रवारच चालू होता.