दोर बांधायचा राहिला

खसबच्या धक्क्यावर सलीमनं दोनदा विचारलं,
येतं ना चालवता?
उदयननं मान हलवली. तीन शुक्रवारांचा कोर्स,
आणि नवी पांढरी टोपी.

पहिल्याच वळणावर शिडाची आडवी काठी फिरली
आणि टोपी गेली. डोकं थोडक्यात वाचलं.
'डावीकडे!' तो ओरडला, आणि आम्ही चौघं
चार वेगवेगळ्या डावीकडे झुकलो.

दोन्ही बाजूंना डोंगर, करडे, उघडे,
झाड औषधालासुद्धा नाही.
मधे हिरवं पाणी, इतकं नितळ
की आपली चूक तळापर्यंत दिसावी.

दिसलीच.
बेटापाशी थांबायचं ठरलं. शर्वरीनं नांगर उचलला
दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळासारखा,
आणि बाबा थांब म्हणायच्या आत सोडून दिला.
दोराचं दुसरं टोक
निमूट त्याच्या मागोमाग गेलं.

कुणी बोललं नाही.
मग सासूबाई, सकाळपासून ज्या
ओकारीची पिशवी धरून डोळे मिटून बसलेल्या,
त्या हसायला लागल्या. थांबेचनात.

वाहत वाहत वाळूला टेकलो, ओहोटीत कलंडलो.
डब्यातले धपाटे तिरकेच बसून खाल्ले
सलीम ओढून न्यायला येईपर्यंत.
त्यानं नांगराचे पैसे घेतले, वर चहा पाजला.

अठरा वर्षं झाली या मुलखात.
घर भाड्याचं, व्हिसा दोन-दोन वर्षांचा,
गाडीसुद्धा कंपनीची.
शर्वरी अजून नकाशावर बोट ठेवते:
इथे. खाली. आपला नांगर आहे.