टीचभर खाली

कृषी सहायक बाईंनी दिली ती नळी,
हातभर लांब, कमरेखाली नुसती भोकं.
उन्हाळी धानाच्या बांधीत, कोपऱ्याला,
धुऱ्यावरून हात पोचेल अशी गाडली मी
आणि आतला चिखल बोटांनी उपसून काढला.
मामाजी काठी टेकून बघत होते.
"बासरी पेरून रायली का वं?"

नियम एवढाच:
नळीतलं पाणी मातीच्या टीचभर खाली उतरेल
तेव्हाच मोगा खोलायचा.
तोवर बांधी उघडी, भेगाळली तरी.

मामाजींना हे शिवीसारखं लागलं.
मामा तलावाच्या तुडुमाचा आवाज
झोपेतही ओळखणारा माणूस,
पन्नास वर्षं पाणी घोट्यानं मोजलेला.
"कोरडी बांधी म्हणजे
दारात रांगोळी नसल्यावानी दिसते."

तिसऱ्या रात्री धुऱ्यावरून एक बॅटरी हळूहळू गेली.
सकाळी नळी काठोकाठ,
मोग्यातलं ढेकूळ नवं, ओलं.
मी काही बोलले नाही. चहा दिला.
साखर थोडी कमी पडली असेल.

खालची बांधी मनिराम झोडेची.
आमच्याकडून उतरेल तेच पाणी त्याचं,
त्याच्याकडून उतरेल ते भागरताबाईचं.
तो फावडं घेऊनच आला:
"तुम्ही उपास धरता, अन् पोट माहं जळते!"
खरंच होतं त्याचं.
या उतारावर कोणाचीच बांधी एकट्याची नाही.

मग संध्याकाळी मी बाटली घेतली, नरसाळं घेतलं.
माहेरी बोडीच्या काठी दौलतदादा करायचा तसं
बाटली पाण्यानं भरून बुडवली उलटी,
तोंडाशी नरसाळं,
आणि पायानं चिखल दाबत गेले.
बुडबुडे आले. अजून आले. बाटली भरत गेली.
मामाजी, मनिराम, दोघंही वाकलेले.
काडी ओढली, बूच काढलं...
भप्!
डोळा मिटायच्या आत निळी ज्योत येऊन गेली.

पाण्याखाली हवा पोचत नाही, मी सांगितलं,
मग जुनी तणस, मेलेली मुळं
चिखल आत कोंडून कुजवत बसतो.
त्यातून होतो तो मिथेन
धानाच्या पोकळ देठातून वर चढतो.
बांधीभर हिरवी धुराडी, धूर न दिसणारी.
वर जाऊन उन्हावर गोधडी घालतो.
मधूनमधून माती सुकू दिली
की तिला श्वास घेता येतो, एवढंच.

मामाजी बराच वेळ गप्प.
"तलावावरचे दिवे," म्हणाले शेवटी,
"माहा बाप त्यायले बुडालेल्यायचे कंदील म्हणे.
म्हणून मी रातचा पल्याडच्या पारीवर
कधी गेलोच नाही.
सत्तर वर्सं गॅसले भेलो का मी?"
मनिराम हसला. मग तेही.

सगळं गोड झालं असं नाही.
कोरड्या मातीत तण माजलं,
दोन निंदण्या जास्त पडल्या, कंबर माझीच मोडली.
पत्रकात निंदणाबद्दल एक ओळ नव्हती.
न सोडलेल्या हवेचे पैसे मिळतील म्हणे कधीतरी.
भागरताबाई विचारते,
"पायलीनं मोजतीन का कुडवानं?"

धान गर्भात आलं तेव्हा मामाजी नळीकडे बघेनात.
सरळ मोगा खोलला.
"पोटुशीले तहानेली ठेवत नाहीत."
बाईंनीही तेच सांगितलं होतं,
निसवताना पाणी हवंच.
मी मात्र तसं म्हटलं नाही.
त्या दिवशीचं पाणी त्यांचं असू दिलं.

दाणा भरू लागला, नळी परत कामाला लागली.
रोज सकाळी गुडघे टेकून
मामाजी तिच्यात बोटं घालतात,
वैद्य नाडी बघतो तसे, डोळे मिटून.
खालून मनिराम ओरडतो, "किती?"
ते अंगठा आणि बोट ताणून वर धरतात.
टीच अजून पुरती नाही.

काल बोट झटकत उठले.
आत एक खेकडा राहायला आलाय.
त्याला काढू देत नाहीत.
आता हात घालण्याआधी
काठीनं नळीवर दोनदा टकटक करतात.