सुट्या चुका

ऑलरनशॉच्या दुकानात चुका सुट्या मिळायच्या.
चुका म्हणजे बारके खिळे, निळसर काळे, टोकाला तिखट;
आमचे बाबा त्यांना दुसरं काही म्हणतच नसत.
औंसावर तोलायच्या, खाकी पुडीत बांधायच्या,
वर पेन्सिलीने किंमत.

ग्लॉसपमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात नळ गळू लागला.
रात्रपाळी करून आलेली मी, उशीत डोकं,
आणि ठिबक. ठिबक.
दुकानात शिरले तर शब्दच सापडेना.
वायसर म्हणतात आमच्याकडे, आणि मला तोवर वाटायचं
की वायसर हा अस्सल मराठी शब्द आहे.
अंगठा-तर्जनीचं वेटोळं करून दाखवलं.
डेरेकने ते चष्म्यावरून निरखलं,
जसं काही माप माझ्या बोटांवरच कोरलंय.
"अर्धा इंची. गरम पाण्याचा नळ की थंड?"
नऊ पेन्स.
नऊ पेन्सांसाठी तो शिडी चढला.

छतापर्यंत खणच खण, प्रत्येकाच्या तोंडावर
आतल्या मालाचा नमुना तारेने बांधलेला:
बिजागरी, कोयंडा, पितळी स्क्रू,
आणि एका खणावर काहीच नाही.
त्यात काय, विचारलं तर म्हणायचा,
"जे कशालाच बसत नाही ते."
रॉकेलचा वास, जवसाच्या तेलाचा, आणि ओल्या कुत्र्याचा.
कुत्र्याचं नाव रिव्हेट.

मग गावाबाहेर गोलचक्कराशी ते गोदाम उभं राहिलं.
तिथे चार स्क्रू हवे असले तर पन्नासाचं पाकीट घ्यायचं;
उरलेले सेहेचाळीस घरोघरच्या ड्रॉवरांत
निमूट गंजत पडले.
भिंत कसली आहे, दगडी की पोकळ,
हे तिथे कुणी विचारत नाही.

डेरेक विचारायचा.
त्या मार्चमध्ये मला शेल्फ लावायचं होतं
तर अर्धा तास घालवून, बिलाच्या पाठीवर
माझ्याच भिंतीचा आडवा छेद काढून दिला त्याने:
इथे प्लास्टर, इथे वीट, इथवर भोक, पुढे नको.
मी म्हटलं, बघते.
आणि रात्री दीड वाजता, वॉर्डातले सगळे झोपल्यावर,
अंगठ्याने ड्रिल मागवलं.
साडेतीन पौंडांनी स्वस्त.
भोकं त्याचा कागद बघूनच पाडली.
शेल्फ अजून हललेलं नाही.

दोन वर्षांनी काचेवर हाताने लिहिलेली पाटी:
शनिवारी शेवटचं.
कारण विचारलं तर म्हणाला, गुडघे. मग म्हणाला, कर.
याच क्रमाने.
त्या शनिवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती.
अर्ध्या किमतीच्या बादल्या उचलून लोक हळहळत होते.
इतकी वर्षं कुठे होते हे, असं ओठांवर आलं होतं,
गिळलं.
पाव पौंड चुका मागितल्या.
पारडं जरा जास्तच झुकलं, वरच्या त्याने काढल्या नाहीत.
पुडीला दोरा गुंडाळताना,
मान वर न करता,
"ड्रिल बरं चाललंय ना?"

कुठलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"खोक्यावर चित्र होतं. माणूस पार्सल इथे टाकून गेला.
तुझी रात्रपाळी, झोपली असशील,
म्हणून पायरीवर ठेवलं.
बेल मारली नाही."

पुडीवर त्या दिवशी किंमत लिहायची राहिली.
किंवा लिहिली नाही.
मी विचारलं नाही, मागे रांग होती.

तिथे आता नखं रंगवून देतात.
दारावरची घंटा तीच आहे, काढायला कुणाकडे
बरोबर मापाचा पाना नसावा.

काल नळ पुन्हा गळायला लागला.
गोदामात गेले. शब्द आता चांगला ठाऊक आहे,
तरी बोटांनी आपसूक वेटोळं केलं.
एप्रन घातलेला पोरगा त्या वेटोळ्यातून
माझ्या पलीकडे बघत राहिला, मग
हातातला स्क्रीन माझ्यापुढे धरून म्हणाला,
स्पेलिंग?