इतर काही आजार?

फॉर्मवर लिहिलं: शालन निकम,
वय एकोणपन्नास, कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
बीपी नाही, साखर नाही.
त्याखाली एक ओळ, इतर काही आजार?
आणि पुढे टिंबं टिंबं टिंबं,
पाय घसरावा एवढी लांब.

वाशीत एकदा ती ओळ भरली होती.
डॉक्टर तरुण, टापटीप.
वाचून म्हणाला, आज मशीन बंद आहे,
आणि पलीकडच्या खोलीत तेच मशीन
कुणाच्या तरी दाढेत घूं घूं करत होतं.
मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.
त्यानेही.

मग चार महिने लवंग.
मसाला मार्केटात मी लवंगच निवडते,
काडी वेगळी, डोकं मोडलेली वेगळी.
शेठची नजर नसताना त्यातली एक दाढेखाली.
आजवर धण्याचा दाणा उचलला नव्हता बाई.
रात्री नवाला गोळीचा गजर व्हायचा,
गोळी गिळून पडून राहायचे ठणक मोजत.
एवढी मोठी गोळी, सगळं रक्त सांभाळते,
ही एक दाढ तेवढी तिच्या हद्दीबाहेर.

या डॉक्टर निलोफर मुकादम.
दाराशी चपला, भिंतीवर बत्तीशीचं चित्र.
मी टिंबांवर पेन टेकवलं,
आधी शाईचा एक डाग पडला,
मग लिहून टाकलं.
केवढासा शब्द. टिंबं पुष्कळ उरली.

त्या वाचत होत्या, मी त्यांचे हात बघत होते.
हात थांबले नाहीत.
गोळ्या कधीपासून? चुकतात का?
शेवटच्या रिपोर्टात व्हायरस सापडला?
नाही सापडला, म्हणाले मी,
पाढा न अडखळता आल्यासारखी.
तोंड कोरडं पडतं? पडतं.
जिभेवर पांढरं? पूर्वी होतं, गोळ्यांच्या आधी.
ब्रश करताना रक्त?
इथे मी जरा अडकले.
रक्त हा शब्द माझ्यासमोर
इतक्या सहज कुणी उच्चारला नव्हता,
मीठ म्हणावं तसा.

हातमोजे एकच जोडी.
मोजलेच मी.
माझ्या आधीच्या लेंग्यातल्या आजोबांना घातले तेवढेच.
प्रणोतीने अवजारांची बंद पुडी समोर फाडली.
माझ्यासाठी का, विचारलं.
सगळ्यांसाठी, म्हणाली, आणि जांभई दिली.
ती जांभई मला फार आवडली.

आ करा.
अकरा वर्षं मी तोंड मिटून आहे.
जावेला टीबी सांगितला, शेजारणीला थायरॉईड,
लेकीला काहीच नाही.
आ केला.
दिवा आत शिरला, पार पडजिभेपर्यंत.
लवंग ठेवत होता ना? त्या म्हणाल्या,
हिरडी पोळलीय बघा.
चोरी अशी पकडली गेली.

सुई. ओठ परक्याचा झाला.
कडकन आवाज आला, तोही लांबून कुठून तरी.
पाटणला आम्ही दुधाचा दात
कौलावर भिरकवायचो.
सवयीने हात पुढे केला.
डॉक्टरांनी मान हलवली, पिवळी पिशवी दाखवली,
आजोबांची दाढ त्यातच, एका पोराचा सुळाही,
टप् करून माझी पडली.
आता कोणाची कुठली ते कळायचं नाही.

मऊ ब्रश घ्या, पाणी घोट घोट पीत राहा,
सहा महिन्यांनी या, दुखलं नाही तरी या.
कापूस घट्ट चावून धरा,
अर्धा तास बोलायचं नाही.

घ्या. आज कुठे तोंड उघडलं होतं.

रिक्षा स्टँडवर लेकीचा फोन.
काढली का गं? हं.
दुखतंय? हंहं.
आई, रडतेयस का तू?
कापूस गरम झाला होता, जरा खारट.
बाकी सगळं बरं आहे ना, म्हणाली.
मी घड्याळ बघितलं.
अजून सात मिनिटं होती.
फोन मी ठेवला नाही.