खरपूस

शारजा. बाहेर सत्तेचाळीस,
आत आम्ही हवा तापवतोय.

मॅग्नेट्रॉन शिजवतो घाईघाईने, रंग न देता.
रंग देणं पंख्याचं काम.
सात पाती केली, डावा कोपरा कच्चा राहिला.
नऊ केली, तर केक एका अंगाला कलला,
वाऱ्यात उभ्या माणसासारखा.

तक्त्यात रकाना आहे: तपकिरीपणा, एक ते दहा.
फवाझ म्हणतो, सहा.
मी म्हणते, खरपूस नाही झालं.
म्हणजे किती? पेन उघडून विचारतो.

चमच्याच्या पाठीने कवचावर टकटक करते:
हा आवाज. नाही, याच्या जरासा पुढचा.
तो कान देतो.
सनामध्ये आईच्या तंदूरमधून
रोटी सुटायची तेव्हा, म्हणतो,
आणि रकान्यात सात लिहितो.

अकराला बाहेर पडले, गाडीत विसरलेल्या मोजपट्टीसाठी.
चहूकडून सारखी हवा,
एकही कोपरा कच्चा न सोडणारी.
छपरावर गुलरेझ
डक्टला चंदेरी पट्टी चिकटवत होता,
डोक्यावरचा ओला टॉवेल केव्हाच वाळलेला.

हाक मारली. उतरला, उभ्यानेच पाणी प्यायला.
मानेवरचा रंग दिसला मला.
आकडा दिला नाही.